गागोद्याचा वाटसरू : विनोबांची तेरा वर्षांची पायवाट

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात उतरणाऱ्या प्रवाशाला पेण ठाऊक असते ते गणपतींचे गाव म्हणून. येथील कारागिरांच्या हातून घडलेल्या मूर्ती देशोदेशी जातात आणि २०२३ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. याच वाटेने आता भटकंतीचे एक नवे स्वप्नही जाऊ लागले आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले आणि गाडीमागे चाकांवरचे छोटेसे घर जोडून निघावे, मन रमेल तेथे मुक्काम करावा, असे अनेकांना वाटू लागले. अंथरुण, शेगडी, चार भांडी एवढाच संसार. सामान जितके कमी तितकी वाट मोकळी, हेच या प्रवासाचे सुख. परंतु एवढाही संसार ज्यांना ओझे वाटला असता असे एक प्रवासी याच पेण तालुक्यात जन्मले. सुमारे तेरा वर्षे ते घराविना चालत राहिले. विनायक नरहर भावे, म्हणजेच आचार्य विनोबा भावे, हे ते प्रवासी.

दूरच्या वाटा या तालुक्याला नव्या नाहीत. येथल्याच वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरचे कर्ज फेडण्याच्या आशेने काकांसह उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्या भ्रमंतीतून ‘माझा प्रवास’ हे मराठीतील अजोड पुस्तक निर्माण झाले. भटजी मिळवण्यासाठी निघाले होते. त्यानंतर शतकभराने त्यांच्याच तालुक्यातला दुसरा पुरुष निघाला तो मागण्यासाठी, आणि तेही स्वतःकरिता नव्हे.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. आई रुक्मिणीबाई आणि आजोबा शंभुराव यांच्या सहवासात विन्याचे बालपण गेले. आजोबा चांद्रायण व्रत करीत. चंद्रोदय मध्यरात्री असो वा पहाटे, त्या वेळी ते नातवाला झोपेतून उठवीत आणि पूजा आटोपल्यावर त्याच्या हातावर प्रसाद ठेवीत. काळोखात उठण्याची, आकाशाकडे पाहत दिवसाची सुरुवात करण्याची सवय अशी फार लवकर लागली.

गागोद्यातल्या दोन आठवणी विनोबांनी जन्मभर जपल्या. अंगणातल्या झाडाचा फणस पिकला की आई तो कापून आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे वाटायला विन्याला पाठवी. वाटून झाल्यावर मग घरच्यांची पाळी. दुसरी आठवण गणेशचतुर्थीची. आजोबा मुलांकडून चंदन उगाळून घेत आणि त्या गंधाचीच मूर्ती घडवीत. मनोभावे पूजा होई आणि ठरल्या दिवशी त्या मूर्तीचे विसर्जन होई. इतक्या मायेने केलेली वस्तू पाण्यात का सोडायची, हा प्रश्न त्या मुलाला छळत असे. जे प्रेमाने घडवले ते वेळ येताच तितक्याच प्रेमाने सोडावे, हे उत्तर त्याला पुढे उमगले. विनोबांच्या प्रवासी आयुष्याचा अर्थ लावताना हा फणस आणि ही चंदनाची मूर्ती, दोन्ही आठवावी लागतात.

वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास भावे कुटुंब बडोद्यास गेले. शाळेत गणितात प्रवीण असलेला हा मुलगा शाळेबाहेर मात्र पायांचा धनी होता. बडोद्याच्या रस्त्यांवर तो अनवाणी मैलोगणती भटके. मार्च १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीच्या वाटेला लागला. शाळेचे दाखले त्याने घर सोडण्यापूर्वीच आईदेखत चुलीत घातले होते. हिमालय आणि बंगाल, म्हणजे अध्यात्म आणि क्रांती, अशा दोन ओढी मनात होत्या. काशीत गांधीजींच्या हिंदू विश्वविद्यालयातील भाषणाचा वृत्तान्त वाचनात आला, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दोघांची भेट झाली. शोधलेल्या दोन्ही गोष्टी एका माणसात सापडल्या, असे या तरुणाला वाटले. ‘विनोबा’ हे नावही आश्रमातच रूढ झाले.

तेथून वर्षभराची रजा घेऊन ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे वेदान्त शिकण्यास गेले. या काळातही त्यांनी महाराष्ट्रात पायी भ्रमंती केली, गडकिल्ले पाहिले, गावोगाव गीतेवर प्रवचने दिली. वर्ष पुरे होताच बरोबर ठरल्या दिवशी ते आश्रमात दाखल झाले. गांधीजींच्या ध्यानी ती तारीख राहिली नव्हती, विनोबांच्या मात्र पक्की स्मरणात होती. मोकळेपणाला इतकी काटेकोर शिस्त जोडलेली क्वचितच आढळते.

पुढची तीस वर्षे मात्र एका जागी ठाण मांडून बसण्याची होती. एप्रिल १९२१ मध्ये ते वर्ध्याला आले. कताई, विणकाम, भंगीकाम, अध्यापन आणि मधूनमधून तुरुंगवास यांत हा काळ गेला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर दिलेली प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली. ‘गीताई’ही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. १९३८ मध्ये प्रकृती इतकी खालावली की हवापालट करावा असा गांधीजींनी आग्रह धरला. विनोबा थंड हवेच्या ठिकाणी न जाता वर्ध्यापासून काही मैलांवर, धाम नदीकाठच्या पवनारला गेले. मनाचा भार उतरवला की शरीर सुधारते, असे मानून ते तेथे कुदळ-फावडे घेऊन शेतात खपले आणि खरोखरच सुधारले. १९४० मध्ये गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी त्यांना पहिला सत्याग्रही म्हणून निवडले, तेव्हा कुठे देशाने हे नाव ऐकले.

गांधीजींच्या हत्येनंतर तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन भरणार होते. विनोबांनी जायचे ठरवले, पण आगगाडीने नव्हे, पायी. अंतर सुमारे तीनशे मैल, वय पंचावन्न, आणि पोटात आतड्याचा जुना व्रण. मार्चमध्ये ते निघाले आणि महिनाभराने पोहोचले. परतताना त्यांनी तेलंगणातून येण्याचे ठरवले. जमीनदारांविरुद्ध कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली तेथे सशस्त्र लढा पेटला होता. दिवसा पोलिसांची आणि रात्री बंडखोरांची दहशत अशा कात्रीत खेडी सापडली होती. वाटेला लागण्यापूर्वी विनोबा हैदराबादच्या तुरुंगात जाऊन कम्युनिस्ट कैद्यांना भेटले.

१८ एप्रिल १९५१ रोजी मुक्काम नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली येथे पडला. गावातल्या हरिजनांनी आपली व्यथा मांडली : कसायला जमीन नाही. किती हवी, असे विचारता त्यांनी ऐंशी एकर सांगितली. सरकारकडे अर्ज करण्याआधी गावातच कोणी देणारा आहे काय, असे विनोबांनी सभेला विचारले. व्ही. रामचंद्र रेड्डी हे जमीनदार उभे राहिले आणि त्यांनी शंभर एकर देऊ केले. त्या रात्री विनोबांना झोप लागली नाही. हा योगायोग मानायचा की ईश्वरी संकेत, या विचारात रात्र गेली आणि दुसऱ्या दिवसापासून ते प्रत्येक गावात जमीन मागू लागले. तेलंगणातल्या एक्कावन्न दिवसांत बारा हजार एकरांहून अधिक जमीन मिळाली. गागोद्याच्या अंगणातला फणस आता गावोगाव वाटला जात होता.

त्याच वर्षी पंतप्रधान नेहरूंनी नियोजन आयोगाशी चर्चेसाठी त्यांना दिल्लीला बोलावले. विमानाची सोय होत असताना विनोबा १२ सप्टेंबरला पवनारहून चालत निघाले आणि दोन महिन्यांनी राजघाटावरच्या झोपडीत उतरले. तेथून पुढे उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओरिसा, आंध्र, तामिळनाडू, केरळ, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, पंजाब, काश्मीर, आसाम अशी वाट वाढतच गेली. पवनारला ते परतले १० एप्रिल १९६४ रोजी. तोवर पन्नास हजारांहून अधिक किलोमीटर त्यांच्या पायांखालून गेले होते.

या तेरा वर्षांतला एक दिवस कसा असे, ते पाहण्याजोगे आहे. पहाटे तीनच्या सुमारास जाग. प्रार्थना. मग कंदिलाच्या उजेडात पदयात्रा निघे. डोक्यावर तारे, पायाखाली ओली किंवा तापलेली माती आणि सर्वांत पुढे झपाझप पावले टाकणारे विनोबा. तरुण कार्यकर्त्यांची त्यांच्यामागून जाताना दमछाक होई. पहिला काही वेळ मौनात जाई, नंतर चर्चा रंगे, कधी भजन सुरू होई. सूर्य वर येईतो आठ-दहा मैल मागे पडलेले असत आणि नव्या गावाची वेस दिसू लागे. तोरणे, लेझीम, कलश घेतलेल्या स्त्रिया. मुक्काम शाळेत, मठात, एखाद्या आमराईत किंवा तंबूत. व्रणामुळे आहार दूध, दही, मध असा थोडका आणि ठरावीक अंतराने. दुपारी गावकऱ्यांच्या भेटी, पत्रे, वाचन, कताई. सायंकाळी प्रार्थनासभा आणि तीत जमिनीची मागणी. घरात पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, अशा आशयाचे ते मागणे असे. दानपत्रे भरली जात. रात्री आठच्या सुमारास झोप. दुसऱ्या पहाटे गाव झोपेत असतानाच पुन्हा कंदील पेटे.

हे तपाचे जीवन खरे, पण ते रडतराऊ तप नव्हते. विनोबांना चालणे मनापासून आवडे. वैद्यांनी विश्रांती सांगितलेले शरीर उघड्या हवेत टिकून राहिले, किंबहुना अधिक काटक झाले. रोज नवे आकाश, नवी माणसे, नवी बोली. ज्या प्रांतात पाऊल पडे, तेथल्या संतवाङ्मयाचा अभ्यास सुरू होई. तामिळनाडूत माणिक्कवाचकर, पंजाबात जपुजी, आसामात माधवदेवांची नामघोषा. कुराणाचे सारही याच काळात सिद्ध झाले. सोबत चालणाऱ्या जर्मन आणि जपानी अनुयायांकडून त्यांनी त्यांच्या भाषांचे धडे घेतले. चालती शाळा आणि चालते ग्रंथालय असेच त्या यात्रेचे रूप होते. नागपूरच्या निर्मला देशपांडे त्यात तरुणपणीच सामील झाल्या. जयप्रकाश नारायण यांनी १९५४ मध्ये बोधगयेला आपले जीवनच या कार्याला वाहिले. सतीश कुमार या तरुणाने १९६२ मध्ये एका मित्रासह अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडनमार्गे वॉशिंग्टनपर्यंत शांतियात्रा केली. समुद्र ओलांडण्यापुरते जहाज, बाकी भूमीवरची वाट पायी. खिशात पैसा न ठेवता निघण्याचा सल्ला त्याला विनोबांचाच होता. पैसा असेल तर प्रवासी खाणावळ शोधतो, नसेल तर माणसाचे दार ठोठावतो, ही त्यामागची दृष्टी.

वाट सुखाची होती तशी कसोटीचीही होती. डिसेंबर १९५२ मध्ये बिहारमधील चांडिल येथे मलेरियाने त्यांना मरणाच्या दारी नेले. औषध घेण्यास ते तयार नव्हते. अनेकांच्या आग्रहानंतर त्यांनी ते स्वीकारले. १९५८ मध्ये पंढरपुरात सर्व धर्मांच्या सहप्रवाशांना बरोबर घेऊन त्यांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले. साने गुरुजींच्या उपोषणाने १९४७ मध्ये हरिजनांसाठी उघडलेले ते दार आता त्याहूनही रुंद झाले. १९५९ मध्ये पीर पंजालची तेरा हजार फुटांहून उंच बर्फाळ खिंड ओलांडून ते काश्मीर खोऱ्यात उतरले. मे १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. सप्टेंबर १९६२ मध्ये ते पूर्व पाकिस्तानातून सोळा दिवस चालत गेले आणि तेथेही त्यांना जमीन मिळाली. फाळणीला पंधरा वर्षे झालेली असताना एका वृद्ध हिंदू पदयात्रीला त्या खेड्यांनी ओंजळ भरून दिले, हे आज वाचताना विशेष वाटते.

परंतु या वाटेचा हिशेब एवढ्यावर पुरा होत नाही. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर हे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन दानात जाहीर झाली. जगाच्या इतिहासात केवळ मागण्याने एवढी भूमी क्वचितच कोणाला मिळाली असेल. तरी उद्दिष्टाच्या मानाने ती दशांशही नव्हती आणि त्यातली पुष्कळशी खडकाळ, नापीक किंवा कज्ज्यात अडकलेली निघाली. काही दात्यांनी शब्द फिरवला, काहींच्या वारसांनी ताबा सोडला नाही. अनेक राज्यांनी भूदानाचे कायदे केले, तरी मोजणी, फेरफार, ताबा या पायऱ्यांवर कागद अडून राहिले. १९५२ मध्ये मंगरोठपासून सुरू झालेल्या ग्रामदानाचीही पुढे अशीच गत झाली. संकल्पाच्या सह्या झाल्या, व्यवस्था उभी राहिली नाही.

येथेच या जीवनाचा खरा पेच आहे. वाटसरूचे बळ त्याच्या निघून जाण्यात असते. तो कोणाचा शेजारी नसतो, भाऊबंद नसतो, गावच्या राजकारणात त्याचा पाट नसतो, म्हणूनच लोक त्याला देतात. पण दान घेतलेली जमीन निघून जात नाही. ती तलाठ्याच्या दप्तरात आणि बांधावरच्या भांडणात तेथेच राहते. तिच्यासाठी मागे थांबणारा, कचेरीचे उंबरे झिजवणारा, वर्षानुवर्षे चिकटून बसणारा माणूस लागतो. जेथे असे कार्यकर्ते टिकले तेथे भूमिहीनांच्या घरी चूल पेटली, जेथे टिकले नाहीत तेथे दानपत्र कागदच राहिले. चंदनाची मूर्ती विसर्जित करून परतणे गागोद्याच्या अंगणात शोभत होते. भूदानात मात्र विसर्जनानंतरचेच काम अधिक होते. विनोबांना याची जाण नव्हती असे नाही. आपले काम विचार पेरण्याचे, कापणी समाजाने करावी, अशी त्यांची भूमिका होती. ती पुरेशी ठरली का, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनीही टाळू नये.

१९६५ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी बिहारात ‘तूफान यात्रा’ आरंभली. या वेळी पायांऐवजी मोटार होती. गती वाढली, ग्रामदानाचे आकडेही झपाट्याने फुगले. पण पहाटेच्या काळोखात गावची वेस चालत ओलांडताना माणसामाणसांत जे जुळत असे, ते चाकांच्या वेगात तितके जुळले नाही. आकडे मोठे आणि पाया कच्चा, अशी टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती.

१९७० मध्ये विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला. सारा देश पालथा घालणाऱ्या माणसाने पवनारबाहेर न पडण्याचा संकल्प केला आणि तो सहज पाळला. आणीबाणीच्या काळात त्यांनी घेतलेल्या भूमिकेने जयप्रकाशांसारखे सहकारी दुरावले. तो वाद अजूनही मिटलेला नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकृती बिघडली तेव्हा त्यांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, त्यांनी देह ठेवला. धाम नदीच्या काठी अंत्यसंस्कार झाले. समाजनेतृत्वासाठीचा पहिला मॅगसेसे पुरस्कार त्यांना १९५८ मध्ये मिळाला होता. भारतरत्न १९८३ मध्ये मरणोत्तर देण्यात आले. गावोगावच्या धुळीतून चाललेल्या त्या पावलांना या मानचिन्हांचे फारसे अप्रूप असण्याचे कारण नव्हते.

गागोद्यातील त्यांचे जन्मघर आजही जपलेले आहे. चाकांवरचे घर घेऊन कोकणात उतरणाऱ्याने पेणहून थोडी वाट वाकडी करून तेथे जरूर जावे. अंगणात उभे राहिले की दोन गोष्टी मनात येतात. घर जितके लहान तितकी वाट मोठी, हे सुख येथल्याच एका मुलाने तेरा वर्षे उपभोगले. आणि प्रत्येक मुक्कामी तो दुसऱ्याच्या घरासाठी, दुसऱ्याच्या बांधासाठी काही मागत गेला. आपण मुक्काम हलवतो तेव्हा मागे काय ठेवतो, एवढा एक प्रश्न त्या अंगणातून बरोबर घेऊन पुढच्या वाटेला लागावे.